कुलूपबंद पडदा

रेल्वेस्थानकात, बँकेत किंवा एखाद्या वस्तुसंग्रहालयात काचेचा पडदा उभा असतो. बोट लावले की तो माहिती देतो. या यंत्राला ‘किऑस्क’ म्हणतात. शब्द मूळचा फारसी ‘कुश्क’. तुर्कीत तो ‘कोश्क’ झाला आणि फ्रेंचांमार्फत इंग्रजीत शिरला. अर्थ काय, तर बागेतला उघडा मंडप! आज हे नाव मिरवणारे यंत्र मात्र बंदिस्त कोठडीसारखे असते, हा शब्दांच्या नशिबाचा खेळच म्हणायचा.

१९७७ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मरे लॅप या विद्यार्थ्याने ‘प्लेटो’ संगणकाच्या आधाराने असा पडदा उभारला. बसच्या वेळा, नकाशे, चित्रपट, अभ्यासक्रम हे सारे बोटाच्या स्पर्शाने दिसे. खरी पंचाईत पुढे झाली. टेबलावरचा साधा संगणकच लोकांनी चौकात नेऊन ठेवला. हा संगणक घडलेला एका मालकासाठी. खिडकी बंद करा, दुसरी उघडा, फाइल पुसून टाका, सगळी मोकळीक! चौकात ती कशी परवडावी?

मग ब्राउझरला नवी शिस्त लावण्यात आली. एकच पान, तेही पडदाभर. वरची पत्त्याची पट्टी गायब, बंद करण्याची फुलीही गायब. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये त्यासाठी ‘के’ अक्षराची खूण होती, क्रोममध्येही तशी सोय आली. फायरफॉक्सला ती मिळाली डिसेंबर २०१९ मध्ये.

पण झाकले म्हणजे कुलूप लागले असे नव्हे. कंट्रोल, आल्ट, डिलीट या तीन कळा एकदम दाबण्याची युक्ती आयबीएमचे डेव्हिड ब्रॅडली यांची, १९८१ च्या पीसीच्या वेळची. १९९३ च्या विंडोज एनटीने तिलाच सुरक्षेचा पहारेकरी नेमले: कोणताही साधा प्रोग्राम या कळा अडवू शकणार नाही, म्हणजे प्रवेशाची खोटी चौकट मांडून कुणाला परवलीचा शब्द चोरता येणार नाही. मोठी शहाणपणाची व्यवस्था! पण त्यामुळेच ब्राउझरचे कुलूप कच्चे राहिले. ते खाली, खुद्द यंत्रणेतच बसवावे लागले. २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये एकाच ॲपपुरते बांधलेले खाते करता येऊ लागले.

एवढे करूनही एक गोष्ट राहतेच, आणि ती मला अनुभवाने कळली. एका ग्रंथालयात मी पुस्तक शोधायला पडद्यापाशी गेलो, तो आधीच्या वाचकाचे नाव, त्याने नेलेली पुस्तके आणि थकलेला दंड समोर हजर! वाचकाने पडद्याबाहेर जाऊ नये याचा बंदोबस्त चोख होता. त्याची माहिती पुढच्या माणसापुढे राहू नये, याचा मात्र कुणाला विचार सुचला नव्हता. काही मिनिटे कुणी हात लावला नाही, तर मागचे सारे पुसून पहिले पान यावे, एवढीच सोय हवी होती. मी मागे जाण्याची कळ शोधू लागलो. तीही पट्टीबरोबर झाकली गेली होती. शेवटी हातातली वही पडद्यापुढे धरून उभा राहिलो. शिपाई कळफलक घेऊन आला, तोवर माझ्यामागे तिघेजण रांगेत उभे होते.