कल्पनेतील पाऊल : वृद्धांच्या चलनवलनासाठी मानसिक सरावाचा इतिहास

१

शरीर स्थिर ठेवून एखादी हालचाल मनातल्या मनात पुन्हा पुन्हा करून पाहिली, तर ती प्रत्यक्षात करण्याची पात्रता वाढते काय, हा मानसशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. हाच प्रश्न वृद्ध माणसाच्या चालण्याविषयी, उठण्याबसण्याविषयी व तोल सावरण्याविषयी विचारला जाणे ही मात्र पुष्कळ अलीकडची गोष्ट होय. पहिल्या प्रश्नावरील प्रायोगिक संशोधनाने १९३० नंतरच्या दशकात मूळ धरले. दुसऱ्या प्रश्नावरील आरंभीच्या उल्लेखनीय प्रयोगांपैकी एक १९८५ साली प्रसिद्ध झाला. मधला अर्धशतकाचा विलंब हा केवळ योगायोग मानता येत नाही. मानसिक सरावाकडे पाहण्याची जी दृष्टी आरंभी बनली तिच्यात वृद्धांना स्थानच नव्हते; आणि पुढे वृद्ध माणूस या संशोधनाच्या कक्षेत आला तेव्हा त्या दृष्टीतील एक मूलभूत गृहीतक बदलावे लागले. हे परिवर्तन कसे घडले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्नाचे व्यावहारिक महत्त्व थोडक्यात सांगता येईल. पडण्यामुळे जगात दर वर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे मृत्युमुखी पडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज आहे, आणि त्यांत साठीपलीकडील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. शिवाय जो पडून वाचतो त्याच्या मनात पुन्हा पडण्याची भीती घर करते. भीतीमुळे चालणे कमी होते, चालणे कमी झाल्याने स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे भीती खरी ठरते. ज्याला प्रत्यक्ष सराव करणेच अवघड वा धोक्याचे झाले आहे, त्याला मानसिक सरावाने काही मिळते काय, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ सैद्धांतिक राहत नाही.

२

कल्पना आणि हालचाल यांचा संबंध एकोणिसाव्या शतकाने प्रथम शास्त्रीय भाषेत मांडला. इच्छेच्या आज्ञेवाचून, केवळ मनातील कल्पनेच्या प्रभावाने स्नायू हलू शकतात, असे प्रतिपादन विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८५२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनपुढे केले. विल्यम जेम्स याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील बृहद्ग्रंथात याच विचाराला व्यापक रूप दिले. हालचालीची कल्पना करणे म्हणजेच काही अंशी ती हालचाल सुरू करणे होय, आणि विरोधी कल्पना आड आली नाही तर कल्पनेचे पर्यवसान कृतीत होते, असे त्याचे मत होते.

हे मत यंत्राच्या साहाय्याने तपासण्याचे श्रेय अमेरिकेतील एडमंड जेकबसन याला दिले पाहिजे. शिथिलीकरणाच्या पद्धतीमुळे प्रसिद्धी पावलेल्या या संशोधकाने १९३० च्या सुमारास शिकागो येथे स्नायूंतील सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह मोजले. हात वाकविल्याची नुसती कल्पना करणाऱ्या व्यक्तीच्या त्याच हाताच्या स्नायूंत क्षीण विद्युत्‌क्रिया आढळली. कल्पना थांबताच तीही थांबली. यावरून मानसिक सरावाची पहिली उपपत्ती तयार झाली. कल्पनेच्या वेळी स्नायू अत्यल्प प्रमाणात का होईना, काम करतात; म्हणून मानसिक सराव हा प्रत्यक्ष सरावाचीच दुर्बळ आवृत्ती होय, असे ती सांगते.

दुसरी उपपत्ती अल्पावधीतच पुढे आली. आर. एस. सॅकेट याने १९३४ साली बोटाने सोडवावयाच्या चक्रव्यूहावर प्रयोग केले. शिकलेला मार्ग मनात घोळविल्याने तो अधिक चांगला स्मरणात राहतो, असे त्याला आढळले. येथे सराव होतो तो स्नायूंचा नसून कृतीच्या आराखड्याचा, असा या उपपत्तीचा आशय आहे. पुढे १९४३ साली व्हँडेल, डेव्हिस व क्लग्स्टन यांनी बास्केटबॉलमधील मुक्त फेक आणि बाणफेक यांवर शाळा-महाविद्यालयांतील मुलांना घेऊन प्रयोग केले. अशा विखुरलेल्या संशोधनाचा आढावा ॲलन रिचर्डसन याने १९६७ साली दोन लेखांत घेतला. १९८३ साली फेल्ट्झ व लँडर्स यांनी ६० अभ्यासांचे निष्कर्ष संख्याशास्त्रीय रीतीने एकत्र केले. मानसिक सरावाचा लाभ सरासरीने सुमारे अर्ध्या प्रमाण विचलनाइतका असतो आणि ज्या कामात बुद्धीचा भाग अधिक त्यात तो विशेष दिसतो, असा त्यांचा निर्णय होता.

या सर्व संशोधनात एक गोष्ट समान आहे. त्यातील प्रयुक्त मुख्यतः विद्यार्थी आणि खेळाडू होते. त्यांचे शरीर धडधाकट होते, प्रत्यक्ष सरावाची वाट त्यांना मोकळी होती. मानसिक सराव हा त्यांच्या दृष्टीने वेळेची व श्रमाची बचत करणारा पूरक उपाय होता. त्याचप्रमाणे, सरावाचा विषय म्हणजे नवे कौशल्य, अशीही समजूत त्यामागे होती. चालणे मनुष्य बालपणीच शिकतो. ते पुन्हा शिकावयाचे असते, ही कल्पना या चौकटीत बसणारी नव्हती. वृद्धांकडे दुर्लक्ष झाले ते मुख्यतः यामुळे.

३

वृद्धांकडे नेणारी वाट क्रीडामानसशास्त्राच्या प्रयोगशाळेखेरीज आणखी एका दिशेने आली, ही लक्षणीय गोष्ट आहे. अमेरिकेत मेबेल टॉड हिने १९३७ साली शरीराची ठेवण व विचार यांच्या संबंधावर एक ग्रंथ लिहिला. तिची शिष्या लुलू स्वाइगार्ड हिने न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत नर्तकांना शिकविताना ही पद्धत विकसित केली आणि १९७४ साली ग्रंथरूपाने मांडली. विशिष्ट स्नायू मुद्दाम आवळण्याऐवजी हालचालीची दिशा व जागा यांचे चित्र मनात धरावे, म्हणजे शरीर आपोआप योग्य रीतीने जुळून येते, असे तिचे म्हणणे होते. येथे प्रथमच नव्या कौशल्यापेक्षा उभे राहणे, तोल धरणे यांसारख्या नित्याच्या क्रिया कल्पनेच्या साहाय्याने सुधारण्याचा विचार दिसतो.

फॅन्सलर, पॉफ व शेपर्ड यांनी १९८५ साली अमेरिकेतील भौतिकोपचारविषयक नियतकालिकात जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्याला ही पार्श्वभूमी आहे. वृद्ध स्त्रियांचा एका पायावर उभे राहण्याचा तोल हा त्याचा विषय होता, आणि मानसिक सरावाला त्यात प्रत्यक्ष सरावाची जोड दिलेली होती. १९८९ साली लिंडेन व तिच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न चालतानाच्या तोलाविषयी विचारला. हे प्रयोग लहान होते. त्यांवरून सर्वसामान्य सिद्धान्त काढता येण्याजोगा नव्हता. तथापि विषयाची दिशा त्यांनी बदलली. ‘अधिक चांगले कसे खेळावे’ याऐवजी ‘न पडता कसे उभे राहावे’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला.

४

याच सुमारास उपपत्तीच्या क्षेत्रात निर्णायक घडामोडी झाल्या. १९८० साली रोलंड व त्याच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील रक्तप्रवाह मोजून दाखविले की, बोटांच्या हालचालींचा क्रम नुसता मनात आणला तरी मेंदूच्या पूरक चालक क्षेत्रातील क्रिया वाढते. १९८९ साली फ्रान्समध्ये डेसेटी, जानरो व प्राब्लाँ यांनी प्रयुक्तांना ५, १० व १५ मीटर अंतरावरील खुणेपर्यंत एकदा प्रत्यक्ष व एकदा मनाने चालावयास लावले. दोन्ही वेळा जवळजवळ सारख्याच भरल्या. पाठीवर २५ किलोग्रॅमचे ओझे दिले असता मात्र मनातील चालण्याला अधिक वेळ लागला. कल्पनेतील चालणे हे स्वैर चित्र नसून शरीराच्या भाराचा व श्रमाचा हिशेब त्यात अंतर्भूत असतो, असे यावरून दिसून आले.

पाठोपाठ यू व कोल यांचा १९९२ चा प्रयोग आला. करंगळीच्या स्नायूचे आकुंचन चार आठवडे केवळ कल्पिणाऱ्यांचे बळ २२ टक्क्यांनी, तर प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांचे ३० टक्क्यांनी वाढले. बळ काही अंशी मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेवर अवलंबून असते, हा त्याचा अर्थ होय. १९९४ साली मार्क जानरो याने या सर्वांची संगती लावली. हालचाल योजणे आणि हालचाल कल्पिणे या एकाच यंत्रणेच्या दोन अवस्था आहेत, असे त्याने प्रतिपादिले. जेकबसनच्या स्नायूंकडून विवेचनाचा केंद्रबिंदू आता मेंदूकडे सरकला होता. वृद्धांच्या दृष्टीने हे आशादायक होते, कारण थकलेल्या पायांना श्रम न देताही पायांना आज्ञा देणाऱ्या यंत्रणेला व्यायाम देता येईल, असे त्यातून सूचित होत होते.

५

परंतु येथेच जुने गृहीतक अडखळले. मनातील हालचाल आणि प्रत्यक्ष हालचाल यांच्या वेळा जुळतात, हा निष्कर्ष तरुणांवरून काढलेला होता. स्कूरा, पापाक्सांथिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दिसले की, वार्धक्यात हा मेळ विस्कटू लागतो, विशेषतः काम अवघड असेल तेव्हा. मुल्डर व त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ३३३ व्यक्तींची पाहणी केली. वृद्धांची कल्पनाशक्ती एकंदरीत टिकून होती, तथापि हालचाल स्वतःच्या शरीरातून अनुभवल्याप्रमाणे कल्पिण्यात ते थोडे मागे पडत होते.

या संदर्भात बोशे व त्याच्या सहकाऱ्यांचे २०१० चे संशोधन विशेष उद्‌बोधक आहे. खुर्चीवरून उठणे, तीन मीटर चालणे, वळून परत येणे व बसणे ही चाचणी पॉडसियाडलो व सँड्रा रिचर्डसन यांनी १९९१ साली वेळेच्या मोजमापासह रूढ केली होती. बोशे याने तीच वृद्धांना प्रत्यक्ष व कल्पनेत करावयास सांगितली. कल्पनेतील वेळ प्रत्यक्षापेक्षा कमी भरली. ज्यांच्या बौद्धिक शक्तीचा ऱ्हास झाला होता त्यांच्यात ही तफावत अधिक होती. वृद्ध मनुष्य मनाने ज्या वेगाने चालतो, त्या वेगाने त्याचे पाय चालत नाहीत. अशा अवस्थेत जुन्या पावलाचा सराव मनात दृढ होत गेला, तर तो आजच्या पावलाला उपकारक होईलच असे नाही. खेळाडूच्या बाबतीत मनःप्रतिमा हे तयार साधन मानून चालत असे. वृद्धांच्या बाबतीत मनःप्रतिमाच आधी तपासावी व सुधारावी लागते. प्रत्यक्ष चालणे आणि लगेच त्याची कल्पना करणे, दोहोंच्या वेळा ताडून पाहणे, जमीन, पाय व भार यांच्या संवेदनांकडे लक्ष वेधणे, या गोष्टी म्हणूनच उपचाराचा गाभा ठरतात.

६

उपचाराच्या क्षेत्रातील पुरावा याच दिशेने जातो. रूथ डिकस्टीन व सहकाऱ्यांनी २००४ साली अर्धांगवायू झालेल्या ६९ वर्षांच्या एका गृहस्थाचे चालणे कल्पनासरावाने सुधारल्याची नोंद केली. २००८ साली डन्स्की व सहकाऱ्यांनी १७ रुग्णांना घरच्या घरी सहा आठवडे असा सराव दिला आणि त्यांचा चालण्याचा वेग वाढल्याचे दाखविले. २०१८ साली स्लोव्हेनियातील मारुशिच व सहकाऱ्यांनी खुब्याचा सांधा बदललेल्या वृद्धांना नेहमीच्या भौतिकोपचाराबरोबर चालण्याची चित्रफीत पाहून ती क्रिया कल्पिण्यास सांगितले. त्यांची चाल तुलनेने अधिक सुधारली. मज्जासंस्थेचा विकार नसलेल्या वृद्धांवरील प्रयोगांचा आढावा निकल्सन व सहकाऱ्यांनी २०१९ साली घेतला. तोल, चालण्याचा वेग आणि उठून चालण्याची चाचणी या तिन्हींत लाभ होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या निष्कर्षांचे मोल मान्य करूनही त्यांची मर्यादा सांगणे अवश्य आहे. चाचणीतील काही सेकंद कमी होणे आणि घरात न पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही. तसेच यू व कोल यांच्या प्रयोगातही प्रत्यक्ष व्यायामच पुढे राहिला, हे विसरून चालणार नाही. मानसिक सरावास साधने लागत नाहीत व खर्च अल्प येतो. म्हणूनच तो प्रत्यक्ष सरावाऐवजी वापरण्याचा मोह व्यवस्थेला होऊ शकतो. धरावयास कठडा, आधाराला माणूस आणि चालावयास सपाट जमीन यांच्या जागी वृद्धाला केवळ कल्पना देणे म्हणजे या इतिहासाचा विपरीत अर्थ लावणे होय. शस्त्रक्रियेनंतर पायावर भार टाकता येत नाही तेव्हा, किंवा भीतीमुळे पाऊल उचलत नाही तेव्हा, पुढच्या प्रत्यक्ष पावलाची तयारी करून घेणे हे त्याचे खरे कार्य आहे. कार्पेंटरपासून आजवरच्या संशोधनाने कल्पना व कृती यांतील अंतर बरेच कमी केले. ते अंतर पूर्णपणे नाहीसे होत नाही, हे वृद्धांवरील अभ्यासाने दाखवून दिले.