ऐंशी टक्क्यांची घंटा

आयईए४०५ई. आयबीएमच्या मेनफ्रेमच्या पडद्यावर हा क्रमांक उमटला की जुन्या ऑपरेटरच्या हातातला चहा हातातच राहायचा. संदेशाचा अर्थ साधा होता : यंत्राने माणसाला सांगायच्या संदेशांसाठी राखलेली जागा ऐंशी टक्के भरली आहे. पाठोपाठ आयईए४०४ए आला, तर जागा पूर्ण भरली असे समजायचे. त्यानंतर ज्या प्रोग्रॅमला काही सांगायचे असेल तो तिथेच खोळंबायचा. बँकेचे किंवा विमा कंपनीचे लाखमोलाचे यंत्र अडून बसायचे, आणि कारण काय, तर ऑपरेटर ज्यावर यंत्राशी बोलतो अशा एखाद्या कन्सोलचा कागद संपलेला असायचा, नाहीतर पडदा भरूनही तो पुढे सरकवायला समोर कोणी बसलेले नसायचे.

आज मेनफ्रेमवरच्या मेसेज क्यूवर, म्हणजे संदेशांच्या रांगेवर, पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता आकडा भरायचा यावर तासन् तास बैठका होतात. त्या आकड्यांची वंशावळ या कन्सोलपाशी सुरू होते.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही मेनफ्रेम जाहीर केली. तिच्या ऑपरेटरसमोर पडदा नव्हता, १०५२ नावाचा टाइपरायटर होता. यंत्र त्यावर टाइप करून बोलायचे आणि माणूस त्यावरच टाइप करून उत्तर द्यायचा. प्रत्येक संदेशाला ओळख क्रमांक असे. सुरुवातीची तीन अक्षरे यंत्राचा कोणता भाग बोलतो आहे ते सांगत, आणि शेवटचे अक्षर माणसाने काय करायचे ते. ‘आय’ म्हणजे नुसती माहिती, ‘ए’ म्हणजे काहीतरी करा, ‘डी’ म्हणजे निर्णय द्या, ‘ई’ म्हणजे सवडीने पण करा, विसरू नका. आयईसी५०१ए आला की उठून टेप चढवायची. आयईएफ२३८डी आला की एखादा जॉब उपकरणासाठी अडला आहे, तेव्हा उपकरणाचे नाव तरी द्या, नाहीतर रद्द म्हणा. यंत्र किती घाईत आहे हे त्या एका अक्षरावरून कळायचे. ही शिस्त नंतर किती कामी येणार आहे, याची तेव्हा कोणाला कल्पना असेल असे वाटत नाही.

टाइपरायटर कूर्मगतीने चालायचा, म्हणून माणसाला वाचायला वेळ मिळायचा. सत्तरच्या दशकात हिरव्या अक्षरांचे पडदे आले, एमव्हीएस ही कार्यप्रणाली आली, एकाच यंत्रावर शेकडो कामे चालू लागली आणि संदेश डोळ्यांपुढून धावू लागले. अमुक जॉब सुरू झाला, तमुक संपला, हेच बहुतेक. त्या गर्दीत कामाचा संदेश वाहून जायचा. ऐंशीच्या दशकात आयबीएमने यावर उपाय दिला तो एमपीएफ, म्हणजे संदेश गाळण्याची सोय. एका यादीत ओळ लिहायची : आयईएफ४०३आय, सप् येस. जॉब सुरू झाल्याचा संदेश त्या दिवसापासून पडद्यावर येणे बंद, नोंदवहीत मात्र जमा. यादी बदलली की कन्सोलवरून ‘टी एमपीएफ’ आणि यादीचा क्रमांक टाइप करायचा, की नवी यादी लागू. कन्सोल सांभाळण्याची पहिली सेटिंग म्हणजे काय पाहायचे नाही त्याची यादी, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच ओळीत आणखी एक खाच होती, ‘ऑटो’. ती ‘येस’ केली की संदेश स्वयंचलनाच्या प्रोग्रॅमकडे जाई. १९८६ मध्ये आयबीएमने नेटव्ह्यू आणले. त्यातल्या ऑटोमेशन टेबलमध्ये अमुक क्रमांकाचा संदेश आला तर अमुक आज्ञा चालव, असे नियम एकाखाली एक लिहिता येत. माइक कॉलिशॉ यांनी १९७९ च्या सुमारास आयबीएममध्ये घडवायला घेतलेली रेक्स ही सुटसुटीत भाषा १९८८ मध्ये एमव्हीएसवर आली आणि या नियमांना हातपाय फुटले. बाजारात स्पर्धकही होते : बूल अँड बॅबेजचे ऑटोऑपरेटर, कँडलचे एएफ/ऑपरेटर, शिवाय ऑप्स/एमव्हीएस. अनुभवी ऑपरेटर काय करतो ते विचारायचे, आणि तेच नियमात लिहायचे. पण अनुभवी माणसाला येणारा कंटाळा नियमाला येत नाही. एखादे काम पडले की पुन्हा सुरू कर, असा नियम लिहिला आणि ते काम सुरू होताच पुन्हा पडू लागले, तर प्रोग्रॅम रात्रभर तेवढेच करत राहणार. म्हणून किती मिनिटांत किती वेळा प्रयत्न करायचा आणि मग माणसाला उठवायचे, हे आकडे सेटिंगमध्ये शिरले.

इथवर सगळा कारभार बोलणाऱ्या यंत्राचा होता. १९९३ मध्ये आयबीएमची एमक्यूसिरीज आली आणि अडचणीचे रूपच बदलले.

तिचे घर इंग्लंडमधली हर्स्ली प्रयोगशाळा. १९४० मध्ये साउदॅम्प्टनवर बॉम्ब पडल्यावर स्पिटफायर विमानाचे आरेखनकार याच हर्स्लीच्या हवेलीत हलले होते. एमक्यूचे काम असे की एका प्रोग्रॅमने संदेश रांगेत टाकायचा आणि दुसऱ्याने सवडीने उचलायचा. दुसरा बंद असला तरी पहिल्याचे अडत नाही, आणि टिकाऊ म्हणून टाकलेला संदेश यंत्र बंद पडून पुन्हा चालू झाले तरी शाबूत राहतो. सोय मोठी, पण तिच्याच पोटात धोका होता. उचलणारा गायब झाला तरी टाकणाऱ्याला पत्ताच नसतो. कोणी पडत नाही, कोणी ओरडत नाही, रांग तेवढी वाढत जाते. गाळायला संदेशच नाही, तिथे एमपीएफची यादी काय करणार?

म्हणून रांगेलाच घंटा बांधावी लागली. रांग तिच्या कमाल मर्यादेच्या किती टक्के भरली की खबर द्यायची, तो आकडा क्यूडेप्थहाय या सेटिंगमध्ये असतो. न बदलता तो किती असतो? ऐंशी. कन्सोलच्या जुन्या संदेशातलाच आकडा, योगायोगाने का होईना.

गंमत पुढे आहे. मेनफ्रेमवर रांगेची कमाल मर्यादा, कोणी हात लावला नाही तर, ९९,९९,९९,९९९ संदेश असते. इतर यंत्रांवर ती अवघी ५,००० आहे. म्हणजे मेनफ्रेमवर घंटा वाजायला सुमारे ऐंशी कोटी संदेश साचायला हवेत. जुन्या आवृत्त्यांत हे संदेश ज्या पेज सेटमध्ये राहत त्याची कमाल जागा चार गिगाबाइट. भागाकार केला तर प्रत्येक संदेशाच्या वाट्याला जेमतेम पाच बाइट येतात, आणि संदेशाच्या नुसत्या माथ्यालाच ३२४ बाइट लागतात! घंटा वाजायच्या कितीतरी आधी जागा संपणार आणि प्रोग्रॅमच्या हाती २१९२ हा त्रुटी क्रमांक पडणार. कारखान्यातून आलेली सेटिंग जशीच्या तशी ठेवणे म्हणजे घंटा न बांधणेच. खेरीज ही सूचना मुळात बंदच असते : सगळ्या रांगा सांभाळणाऱ्या क्यू मॅनेजरच्या पातळीवर परफएमईव्ही आणि रांगेच्या पातळीवर क्यूडीपीहायईव्ही, दोन्ही सुरू करावी लागतात.

सुरू केल्यावर मात्र यंत्रणा शहाणी आहे. वरची खूण ओलांडली की एकदाच खबर देते, मग वरची सूचना आपोआप बंद होऊन खालची जागी होते, गच्चीवरच्या टाकीच्या ऑटोमॅटिक स्विचसारखी. रांग मेनफ्रेमच्या मूळ सेटिंगप्रमाणे चाळीस टक्क्यांवर उतरली की वरची पुन्हा सज्ज. नाहीतर ऐंशीच्या आसपास झुलणाऱ्या रांगेने रात्रभर कोणाला झोपू दिले नसते. ही खबरही एका रांगेतच जाऊन पडते, आणि ती उचलणारा प्रोग्रॅम लावायचा राहिला तर खबरींची रांगच तुंबते.

या कामात मुरलेली माणसे तरीही रांगेच्या नुसत्या खोलीवर, म्हणजे साचलेल्या संदेशांच्या संख्येवर, विश्वास ठेवत नाहीत. दिवसभर साचवून रात्री बॅचमध्ये उपसायची रांग पन्नास हजारांवर गेली तरी ठीक असते. पैसे वळते करणाऱ्या रांगेत पन्नास संदेश थबकले तरी घाम फुटतो. ते आधी आयपीप्रॉक्स हा आकडा पाहतात, म्हणजे उचलण्यासाठी रांग किती जणांनी उघडली आहे. खोली वाढती आणि आयपीप्रॉक्स शून्य, तर पलीकडे कोणीच नाही. मग सर्वात जुना संदेश किती वेळ पडून आहे ते बघायचे. मेनफ्रेमवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची खरी मांडणी रांगेगणिक अशी वेगळी करावी लागते. ती ठरवायला व्यवसाय कळणारा माणूस लागतो, नुसती पुस्तिका पुरत नाही.

संदेश आणि रांगा अशा सॉफ्टवेअरच्या हाती गेल्यावर ऑपरेटरला यंत्राशेजारी बसायची गरज उरली नाही, आणि तो कुठेही बसू शकत होता. मुंबईतला सीप्झ हा निर्यात विभाग १९७३ चा. तिथे आणि पुढे पुण्यात परदेशी मेनफ्रेमचे काम येऊ लागले, आणि वाय-टू-केच्या, म्हणजे सन २००० च्या तारखांच्या दुरुस्तीच्या, लाटेने जेसीएल व कोबोल या मेनफ्रेमच्या भाषा शिकलेली मराठी मुले हजारोंनी या धंद्यात आणली. अमेरिकेचा दिवस म्हणजे इथली रात्रपाळी. १९९९ मध्ये बूल अँड बॅबेज विकत घेतलेल्या बीएमसीचे (मुंबईकरांची नव्हे, ह्यूस्टनची) विकास केंद्र पुढे पुण्यात उभे राहिले.

मालक तर इतर स्पर्धकांचेही बदलले. ऑप्स/एमव्हीएस १९९५ मध्ये कॉम्प्युटर असोसिएट्सकडे आणि २०१८ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेले. कँडल २००४ मध्ये आयबीएमनेच घेतली. एमक्यूसिरीजचे नुसते नाव बदलले : २००२ मध्ये वेबस्फिअर एमक्यू झाले, २०१४ मध्ये आयबीएम एमक्यू. मेनफ्रेमवर तिच्या संदेशांची आद्याक्षरे मात्र सीएसक्यूच राहिली आहेत. ती बदलली असती तर जगभरच्या ऑटोमेशन टेबलांतल्या, कोणी कधी लिहिल्या ते आता कोणालाच आठवत नाही अशा ओळी एका रात्रीत निकामी झाल्या असत्या.