मुकुट दिला, किल्ले दिले नाहीत

राजेरजवाड्यांच्या घरगुती भांडणांशी कामगार संघटनेच्या माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. इतिहास वाचला तो पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेथेच इंग्लंडचा दुसरा हेन्री आम्हांला भेटला. सत्ता वाटावी कशी, हा त्याचा प्रश्न आम्हांला आमच्याच कचेरीतला वाटला.

हेन्री ११५४ साली, एकविसाव्या वर्षी गादीवर आला. त्याची आई मटिल्डा आणि तिचा आतेभाऊ स्टीफन यांच्या वारसायुद्धाने देश पोळून निघाला होता. हेन्रीने सरदारांचे बेकायदा किल्ले पाडले, भाडोत्री सैनिक हाकलले. आईबापांचा वारसा आणि राणी एलिनॉरचे माहेर मिळून त्याचा अंमल स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरेनीज पर्वतापर्यंत पोचला. कारकिर्दीचा निम्म्याहून अधिक काळ तो समुद्रापलीकडे असे. तरी इंग्लंडात न्यायाचे काम थांबत नसे. ११६६ सालच्या क्लॅरेंडनच्या कायद्याने त्या त्या भागातल्या बारा जणांनी शपथेवर गुन्हेगारांची नावे न्यायाधीशांपुढे सांगावयाची असे ठरले. कोणाची जमीन बळाने बळकावली गेली, तर बारा शेजाऱ्यांच्या साक्षीने ती परत मिळविण्याची वाट त्याच राजाने मोकळी केली.

अशा या राजाने घरात काय केले? ११७० च्या जूनमध्ये त्याने पंधरा वर्षांच्या थोरल्या मुलाला, धाकट्या हेन्रीला, आपल्या हयातीतच राज्याभिषेक करविला. तो यॉर्कच्या आर्चबिशपाकडून करविला म्हणून कॅंटरबरीचा आर्चबिशप बेकेट दुखावला. जुना तंटा पुन्हा पेटला आणि २९ डिसेंबरला राजाच्या चार सरदारांनी बेकेटला त्याच्याच चर्चमध्ये ठार केले. एवढे करून मुलाला मिळाले काय? नुसता मुकुट. स्वतःचा मुलूख नाही, उत्पन्न नाही.

११७३ साली सहा वर्षांच्या जॉनचे लग्न ठरविताना राजाने त्याला शिनों, लूदों व मिरबो हे तीन किल्ले देऊ केले. ते थोरल्याच्या वाट्याचे होते. एखादा तरी प्रांत द्या, असे तो म्हणाला. बापाने नकार दिला. मुलगा सासऱ्याकडे, फ्रान्सच्या सातव्या लुईकडे पळाला. रिचर्ड आणि जेफ्री हे भाऊ त्याला मिळाले. एलिनॉर त्यांच्या बाजूने होती. ती पकडली गेली आणि पुढे नवरा मरेपर्यंत कैदेत राहिली.

मुले धुतल्या तांदळासारखी होती असे नव्हे. युद्ध बापाने जिंकले. ११७४ च्या तहात मुलांना उत्पन्न व काही किल्ले मिळाले. आमच्या भाषेत बोलायचे, तर भत्ता वाढला, अधिकार नाही. थोरला ११८३ मध्ये पुन्हा उठला आणि त्याच बंडात आजारी पडून मेला. पुढे रिचर्डला वारस म्हणून जाहीर करावयासही राजा टाळाटाळ करू लागला. तेव्हा तोही फ्रान्सच्या राजाला मिळाला. जुलै ११८९ मध्ये आजारी हेन्रीने शरणागती पत्करली. फितुरांची यादी त्याने मागविली. पहिले नाव लाडक्या जॉनचे होते. ६ जुलैला त्याने प्राण सोडला, तो शिनोंच्याच किल्ल्यात. जवळ होता तो अनौरस मुलगा जेफ्री.

हे वाचताना आमचीच मान खाली गेली. एका तरुण कार्यकर्त्याला आम्ही सरचिटणीस केले. पण हिशेबाची वही आमच्या कपाटात आणि वाटाघाटीची खुर्ची आमच्या बुडाखाली. वर्षभरात तो निघून गेला. आम्ही त्याला कृतघ्न म्हटले.

हेन्रीने अनोळखी बारा माणसांवर विश्वास टाकला. त्याचे न्यायालय त्याच्यामागे टिकले. पोटच्या मुलांवर तो टाकता आला नाही. घर त्याच्या डोळ्यांदेखत मोडले. आम्ही ती वही आता कपाटाबाहेर काढली आहे. उशीर झाला, हे आम्हांला ठाऊक आहे.