मामांचं इंजिन आणि दोन टर्बो

करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून माझ्या मामांचं शेत आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं आणि चांगली काळी जमीन पाण्यात गेली. उरलेल्या माळावर मामांनी एक सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवून पाणी चढवलं, ऊस केला. मे महिन्यात पाणी मागे सरकलं की पाइप वाढायचे, लोड वाढायचा आणि इंजिन काळा धूर ओकायचं. मामा म्हणायचे, "डिझेल पितंय लेकाचं, पण दम पुरंना!"

मेकॅनिकलची चार वर्षं घासून (आणि मग आयटीत येऊन) कळलं, की मामांचं निदान अचूक होतं. इंधन वाढवता येतं हो, पण ते जाळायला हवा कुठून आणायची?

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ मध्ये याच प्रश्नावर पेटंट घेतलं. वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची. हाच टर्बो. जहाजांना तो मानवला, मोटारीत मात्र गोची झाली. मोठं चक्र वेग घ्यायला वेळ खातं. पाय दाबला तरी गाडी क्षणभर ढिम्म! बीएमडब्ल्यूची १९७३ ची '२००२ टर्बो' यासाठीच बदनाम होती.

मग एका मोठ्याऐवजी दोन छोटे लावले तर? लहान चक्र हलकं, चटकन फिरतं. मासेरातीने १९८१ मध्ये सहा सिलिंडरच्या व्ही इंजिनाला दोन टर्बो लावून गाडीचं नावच 'बायटर्बो' ठेवलं. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूने एका रांगेतल्या सहा सिलिंडरना तीन-तीनच्या वाटणीने दोन टर्बो दिले, ३०६ अश्वशक्ती काढली. माझ्या मते सगळ्यात देखणी मांडणी हीच. सहा सिलिंडर एका रांगेत असले की धक्के एकमेकांना मारतात, इंजिन लोण्यासारखं चालतं.

आपल्याकडे २०२० मध्ये चाकणला मर्सिडीजची एएमजी जीएलसी ४३ कूपे जोडली जाऊ लागली. तीन लिटर, व्ही सिक्स, दोन टर्बो, ३९० अश्वशक्ती. पुढच्या पिढीत तिचे सहाचे चार सिलिंडर झाले. असो.

मामांना मोबाईलवर त्या इंजिनाचा फोटो दाखवला.

"दोन-दोन टर्बो कशाला रे?"

"तुमच्या इंजिनाला दम पुरत नव्हता ना मामा, याला पुरतो."

मामांनी फोटो नीट निरखला. "बरं. मग पाणी किती फूट चढवतंय?"