दांडी, खटका आणि तार

फाइट स्टिक ही व्हिडिओ गेममधल्या लढती खेळण्याची वस्तू दिसायला साधी असते. मांडीवर ठेवता येईल असा जड, चपटा खोका, डाव्या हाताला गोल मुठीची दांडी, उजव्या हाताला दोन ओळींत आठ बटणं आणि मागून निघणारी लांबलचक यूएसबी तार. गेली काही वर्षं जगभरचे हौशी कारागीर या खोक्याचं बूड उघडतात, तार काढून ठेवतात आणि आत बॅटरी व ब्लूटूथचा बोर्ड बसवतात. तार जुनी आणि बिनतारी नवी असं धरून चाललं, तर यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. पण या दांडीची वंशावळ धुंडाळत मागे गेलं, की आपल्याला आढळतं ते निराळंच. बिनतारी हुकमत ही दांडीच्या घराण्यातली थोरली आहे, आणि तार या घराण्यात पुन्हा पुन्हा बोलावून आणलेली आहे.

१८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक लहानशी लोखंडी नाव सोडली आणि दूर उभं राहून, पेटीवरची मूठ फिरवत तिला वळवून दाखवलं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना या यंत्रणेचं पेटंट मिळालं. विमानातली दांडी त्यानंतरची. फ्रान्समध्ये रोबेर एस्नो-पेल्तरी यांनी १९०७च्या आपल्या विमानात ती वापरली, आणि पुढच्याच वर्षी लुई ब्लेरिओ यांनी हाताशी दांडी व पायाशी सुकाणू अशी जोडी जमवली. हे दोन प्रवाह दुसऱ्या महायुद्धात एकत्र आले, आणि ते संहारासाठी आले. जर्मन बॉम्बफेक्या विमानात बसलेला सैनिक छोटी दांडी हलवून, रेडिओलहरींच्या जोरावर, खाली पडत चाललेल्या बॉम्बची दिशा बदलू लागला. ९ सप्टेंबर १९४३ रोजी ‘फ्रिट्झ एक्स’ जातीच्या अशाच बॉम्बने ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका बुडाली. दोस्त राष्ट्रांनी लवकरच त्या लहरींत गोंगाट मिसळून हुकूम बिघडवण्याची युक्ती शोधली. तेव्हा जर्मन अभियंत्यांनी ‘एचएस २९३’ या भावंड अस्त्राची एक आवृत्ती अशी आखली, की विमानापासून अस्त्रापर्यंत बारीक तार उलगडत जावी आणि हुकूम तिच्यातूनच पोचावा. ती प्रत्यक्ष युद्धात उतरली नाही. तरी मला हा प्रसंग या साऱ्या कथेचा गाभा वाटतो. हवेतून जाणारा हुकूम वाटेत हरवू शकतो हे कळल्यावर, बिनतारीत मुरलेल्या माणसांनीच तारेकडे परत पाहिलं.

फाइट स्टिकच्या दांडीच्या पोटात जो ‘टिक’ असा आवाज होतो, त्याचा उगम आपल्याला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट गावी सापडतो. तिथल्या बर्जेस बॅटरी कंपनीत काम करणाऱ्या फिलिप मॅकगॉल यांनी १९३२ साली असा खटका बनवला, की ज्याची पट्टी केसभर हलली तरी ती झटक्यात दुसरीकडे उडी घेते आणि मधल्या मध्ये रेंगाळत नाही. कारखान्यातल्या यंत्रांसाठी जन्मलेला हा मायक्रोस्विच पुढे खेळाच्या दांडीखाली चौफेर चार जागी बसला. जपानमध्ये १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’नंतर नाण्यावर चालणाऱ्या खेळयंत्रांचा पूर आला, आणि सान्वा, सेइमित्सू या कंपन्यांच्या दांड्या आणि ३० मिलिमीटर व्यासाची बटणं तिथल्या यंत्रांवर रुळली. १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर २’ आला. तीन ठोसे, तीन लाथा अशी सहा बटणं, आणि दांडी खालून पुढे पाव वर्तुळात फिरवून सुटणारा अग्निगोल. अशा खेळांत दांडी नुसती दिशा सांगणारी राहिली नाही. तिच्यावर लिपी गिरवावी तशा खुणा गिरवायच्या होत्या, आणि त्याही ठरलेल्या वेळात. मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी नव्वदच्या दशकात टोकन टाकून ‘मुस्तफा’ खेळला, म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, त्यांच्या तळव्याला याच घराण्यातल्या दांडीची ओळख आहे.

घरातल्या खेळांत तार कापण्याचा पहिला मोठा प्रयत्न अटारीने १९८३ साली केला. तिच्या ‘सीएक्स ४२’ या जोडदांड्या रेडिओवर चालत. बॅटरी आणि प्रक्षेपक मावावेत म्हणून त्यांचं बूड मूळ दांडीपेक्षा खूप मोठं करावं लागलं, आणि हातात धरून खेळण्याची सोय त्यात गेली. त्याच वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. १९८९ साली निन्टेंडोने ‘सॅटेलाइट’ नावाची पेटी काढली. कंट्रोलरच्या तारा या पेटीत खोचायच्या, आणि पेटी अवरक्त किरणांनी टीव्हीजवळच्या यंत्राशी बोलणार. मधून कुणी चालत गेलं की संवाद तुटे. हे दोन्ही प्रयत्न आज विस्मरणात गेले आहेत, पण हिणवण्यासारखं त्यांत काही नव्हतं. त्यांना हवी असलेली मोकळी लहर स्वस्तात वापरणं तोवर शक्य नव्हतं.

ती लहर कुठून आली हे पाहायला आपण १९४७ सालच्या अटलांटिक सिटीत जाऊ. तिथल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत काही पट्टे उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखले गेले. बोलण्यासाठी निरुपयोगी, भट्ट्यांच्या गोंगाटाने भरलेले पट्टे अशी त्यांची ख्याती. १९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, संदेश अनेक वारंवारतांवर पसरवून पाठवणार असाल तर या पट्ट्यांत परवान्याशिवाय बोला, अशी मुभा दिली. २.४ गिगाहर्ट्झच्या त्या पडीक जमिनीवर पुढे एरिक्सन कंपनीत १९९४ साली सुरू झालेलं ब्लूटूथ उगवलं. ७९ वाटा, आणि त्यांवरून सेकंदाला १६०० उड्या. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५मध्ये परवानामुक्त झाला. तोवर निन्टेंडोचा ‘वेव्हबर्ड’ (२००२) याच पट्ट्यावर, दोन पेन्सिल सेलच्या जोरावर, बिनतारी कंट्रोलर भरवशाचा असू शकतो हे सिद्ध करून चुकला होता. २००५ साली एक्सबॉक्स ३६० आणि २००६ साली प्लेस्टेशन ३ आले, आणि साध्या कंट्रोलरची तार दिवाणखान्यातून नाहीशी झाली.

बहुतेक फाइट स्टिकची तार मात्र राहिली. २००९ साली मॅड कॅट्झने ‘स्ट्रीट फायटर ४’साठी सान्वाचे भाग घालून जी ‘टूर्नामेंट एडिशन’ काढली, तिलाही तार होतीच. याचं कारण समजून घ्यायला आपण २००४ सालच्या कॅलिफोर्नियातल्या ‘इव्हो’ स्पर्धेकडे वळू. त्या वर्षी ही स्पर्धा नाण्याच्या यंत्रांवरून घरगुती कन्सोलवर आली, आणि त्यामुळे स्वतःचा खोका स्वतः घेऊन येण्याची रीत पक्की झाली. तिथेच ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’च्या सामन्यात दाइगो उमेहारा यांनी जस्टिन वाँग खेळवत असलेल्या चुन-ली या पात्राचे एकामागून एक १५ फटके, प्रत्येक फटका पोचण्याच्या क्षणी दांडी पुढे ढकलून, परतवले. पडद्यावर सेकंदाला ६० चौकटी उमटतात. एक चौकट म्हणजे १६.६७ मिलिसेकंद. ज्याचा खेळ अशा मूठभर चौकटींवर उभा आहे, त्याला हुकूम पोचायला किती वेळ लागतो यापेक्षा तो वेळ दर खेपेला सारखाच आहे की नाही याची काळजी अधिक. ज्या सभागृहात शेकडो फोन आणि कंट्रोलर त्याच पट्ट्यात बोलत आहेत, तिथे ही हमी हवेने द्यावी तरी कशी? शिवाय कन्सोलशी जोडलेला कुणाचा तरी बिनतारी कंट्रोलर पिशवीत दाबला जाई आणि चालू सामना मध्येच थांबे. त्यामुळे आयोजक असे कंट्रोलर आधी सोडवून घ्यायला सांगू लागले.

तार कापण्याचा पुढचा अध्याय म्हणूनच बराचसा घरगुती कारागिरांनी लिहिला, आणि त्यांचं हत्यार होतं उसनवारी. तयार कंट्रोलर उघडायचा, त्याच्या बोर्डावरच्या बटणांच्या जागी बारीक तारा सोल्डर करायच्या आणि त्या मोठ्या खोक्यातल्या खटक्यांना जोडायच्या. याला ते ‘पॅड हॅकिंग’ म्हणत. खटक्याचं एक टोक सामाईक ग्राउंडला आणि दुसरं आपापल्या पिनेला, एवढंच सूत्र; दांडीखालून तर पाचच तारा निघतात, चार दिशांच्या आणि एक ग्राउंडची. बिनतारी कंट्रोलरचा बोर्ड वापरला की खोकाही बिनतारी होई. २०१६ साली एस्प्रेसिफ या चिनी कंपनीची ‘ईएसपी ३२’ ही चिप आली, ब्लूटूथ पोटात घेऊनच, आणि उसनवारीची गरज सरली. आज मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सामानात हे काम होतं: ईएसपी ३२चा बोर्ड, १८६५० आकाराचा एक लिथियम सेल, चार्जिंगसाठी ‘टीपी ४०५६’चं संरक्षणासह मिळणारं मॉड्यूल, आणि ३.७ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा बूस्टर. खटके तेच राहतात, कारण बोर्ड बदलला तरी मॅकगॉल यांच्या उडीचा अर्थ बदलत नाही. जपायचं ते दोन ठिकाणी. या चिपच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, म्हणून जुना ५ व्होल्टचा बोर्ड त्याच तारांवर समांतर ठेवता येत नाही. आणि खोक्याचं झाकण किंवा बूड पत्र्याचं असेल तर अँटेना त्यामागे दडता कामा नये. तिचं तोंड प्लास्टिकच्या बाजूकडे आणि खेळाडूच्या पोटापासून दूर हवं, कारण पाण्याने भरलेलं माणसाचं शरीर ही लहर गिळतं. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये दोन गाठीभेटींतलं लहानात लहान अंतर सहसा ७.५ मिलिसेकंद असतं, म्हणजे जवळपास अर्धी चौकट. घरी, मित्राशी खेळताना, ती अर्धी चौकट मला रास्त किंमत वाटते.

कंपन्याही या वाटेवर आल्या. २०२०मध्ये एटबिटडो कंपनीने आपल्या आर्केड स्टिकमध्ये ब्लूटूथ, स्वतंत्र २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आणि तार असे तीन मार्ग एकत्र दिले. जून २०२५मध्ये सोनीनेही स्वतःची बिनतारी फाइट स्टिक जाहीर केली, आणि तारेने जोडण्याची सोय तिच्यातही ठेवली. जाणते कारागीरही हेच करतात. खोक्याच्या मागच्या बाजूला ते यूएसबीचं भोक बुजवत नाहीत. शेजारी एक स्विच बसवतात आणि खटक्यांच्या सगळ्या तारा त्यातून वळवतात: एका बाजूला ईएसपी ३२, दुसऱ्या बाजूला मूळचा तारेचा बोर्ड.