यंत्रांच्या संभाषणाचा मागोवा

दोन माणसांचें बोलणें मध्येंच थांबलें, तर त्याचें कारण शोधून काढणें फारसें अवघड नसतें. एकाला ऐकूं आलें नाहीं, दुसऱ्याला अर्थ कळला नाहीं, किंवा 'आधीं आपण बोला' अशा भिडेनें दोघेहि गप्प बसले, यांपैकीं कांहीं तरी एक घडलेलें असतें. आणि तें त्यांच्या मुद्रेवरूनच ओळखतां येतें. यंत्रांना मात्र मुद्रा नसते. शेंकडों कोसांवरील दोन संगणकांचें बोलणें खुंटलें, म्हणजे बाहेरून दिसतें तें एवढेंच, कीं पडद्यावरील अक्षरें हालेनाशीं झालीं. तार तुटली, कीं मधलें यंत्र बिघडलें, कीं सारीं यंत्रें धड असून त्यांच्या बोलण्याच्या नियमांतच कोठें वांकडें आहे, याचा उलगडा त्या निश्चल पडद्यावरून होत नाहीं. निरोप कोठून निघाला, कोठें पोंचला आणि कोठें हरवला, याचा पावलागणिक माग काढणें हाच मार्ग उरतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही माग काढण्याची विद्या कशी वाढली, तो इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या विद्येचा पहिला पाठ संगणकांच्या जाळ्याच्या जन्मकाळींच गिरवला गेला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आश्रयानें 'आर्पानेट' नांवाचें जाळें १९६९ सालीं उभें राहूं लागलें. त्या वर्षीं २९ ऑक्टोबर रोजीं रात्रीं लॉस एंजल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्यानें स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाशीं संधान बांधण्याचा प्रयत्न केला. 'लॉगिन' हा शब्द एकेक अक्षर करून पाठवावयाचा होता. दोन्ही टोकांची माणसें त्याच वेळीं दूरध्वनीवरून बोलत होतीं. 'एल' हें अक्षर गेलें. पलीकडून तें पोंचल्याचें उत्तर आलें. 'ओ' गेलें, तेंहि पोंचलें. 'जी' पाठवलें मात्र, आणि पलीकडील संगणक बंद पडला. सुमारें तासाभरानें दुसरा प्रयत्न सफल झाला. पण त्या पहिल्या अपयशांतहि एक गोष्ट सिद्ध झाली होती. कोणतें अक्षर पोंचलें आणि कोणत्या अक्षराशीं गाडी अडली हें ठाऊक असल्यामुळें, दोष कोणत्या क्षणीं प्रकट झाला हें कोणालाहि विचारावें लागलें नाहीं.

जाळें दोन टोकांचें असेपर्यंत दूरध्वनीनें काम भागतें. परंतु बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खातीं यांच्या एकेका मोठ्या संगणकाशीं गांवोगांवचीं हजारों उपकरणें जोडलीं जाऊं लागलीं, तेव्हां पद्धतशीर नियमांची गरज उत्पन्न झाली. सप्टेंबर १९७४ मध्यें आयबीएम कंपनीनें 'सिस्टिम्स नेटवर्क आर्किटेक्चर' ही नियमावली जाहीर केली. हिच्यांत दोन पक्षांच्या बोलण्याला 'सेशन', म्हणजे बैठक, अशी संज्ञा होती आणि बैठकीचे रीतिरिवाज अगदीं सोयरिकीच्या बोलणीसारखे ठरलेले होते. कार्यालयांतील उपकरण प्रथम मध्यवर्ती नियंत्रकाकडे आपली इच्छा कळवी. नियंत्रक ती इष्ट त्या कार्यक्रमाकडे पोंचवी. मग तो कार्यक्रम 'बाइंड' नांवाचा निरोप पाठवी, व त्यांत बैठकीच्या अटी नमूद असत: निरोप केवढा मोठा असावा, बोलण्याची पाळी कशी बदलावी, थांबून परवानगी घेण्यापूर्वीं लागोपाठ किती निरोप पाठवावे. पलीकडून होकार आला म्हणजे व्यवहार सुरू होई आणि शेवटीं 'अनबाइंड' या निरोपानें बैठक रीतसर मोडे. निरोपांना क्रमांक असत, आणि नकार द्यावयाचा झाल्यास त्यासोबत कारणाचा सांकेतिक अंकहि धाडला जाई.

या शिस्तीचा मोठा लाभ असा, कीं बैठक कोठें बिनसली हें निरोपांच्या टिपणावरून वाचतां येऊं लागलें. 'बाइंड' गेला आणि लगेच नकार आला, तर अटींचा मेळ बसला नाहीं हें उघड होई. निरोप ठरल्या संख्येइतके गेले आणि पुढें सारें शांत झालें, तर परवानगीचा निरोप हरवला किंवा पलीकडचें उपकरण तुंबलें असें अनुमान निघे. कधीं शेवटच्या निरोपांत 'आतां आपली पाळी' ही खूणच राहून जाई. मग दोन्ही पक्ष सभ्यपणें एकमेकांची वाट पाहात बसत. बिघाड कोठेंच नसे, तरी काम ठप्प होई. निष्णात तपासनीस संगणकापाशीं एक टिपण घेई आणि तारेच्या मुखाशीं असलेल्या यंत्रापाशीं दुसरें घेई. पहिल्यांत असलेला निरोप दुसऱ्यांत नसेल, तर चोर त्या दोन ठिकाणांच्या मध्येंच कोठें तरी आहे हें निश्चित होई. १९८६ सालीं याच कंपनीनें 'नेटव्ह्यू' हें साधन पुढें आणलें व बैठकींवर लक्ष ठेवण्याचें काम बऱ्याच अंशीं यंत्राकडेच सोपवलें.

तथापि या विद्येची खरी कसोटी लागली ती आर्पानेटवरच, २७ ऑक्टोबर १९८० या दिवशीं. तोंवर त्या जाळ्यांत विद्यापीठांचे आणि संशोधनसंस्थांचे अनेक संगणक आलेले होते. ते परस्परांशीं थेट बोलत नसत. प्रत्येकाच्या दारीं निरोप वाहून नेणारें एक लहान यंत्र, एक ठाणें, असे. कोणती वाट मोकळी आणि कोणती गर्दीची, याची वार्ता प्रत्येक ठाणें थोड्या थोड्या वेळानें साऱ्या जाळ्यांत पसरवी. नवी वार्ता आली कीं ठाणें ती नोंदवून घेई आणि शेजाऱ्यांना धाडी. जुनी असेल तर टाकून देई. नवी कोणती व जुनी कोणती, हें वार्तेवरील क्रमांकावरून ठरे. या कामाला इतर सर्व कामांहून अग्रक्रम दिलेला होता, आणि तो वाजवीहि होता. कारण वाटा ठाऊक नसतील तर निरोप जाणार कोठून?

त्या दिवशीं सारें जाळें एकाएकीं निकामी झालें आणि कित्येक तास तसेंच राहिलें. ठाणीं जिवंत होतीं, तारा शाबूत होत्या, परंतु निरोप पुढें सरकेनात. एखादें ठाणें बंद करून पुन्हां सुरू केलें, तर शेजाऱ्यांकडून तीच व्याधि त्याला तत्काळ जडे. जाळ्याची देखरेख मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथील 'बोल्ट बेरॅनेक अँड न्यूमन' या कंपनीकडे होती. तिच्या तज्ज्ञांनीं ठाण्याच्या स्मरणांत त्या क्षणीं काय भरलें आहे याची नक्कल उतरवून घेतली आणि रांगेंत उभ्या असलेल्या वार्ता एकेक करून तपासल्या. त्यांत पन्नास क्रमांकाच्या ठाण्याच्या वार्तांची दाटी झालेली आढळली, आणि त्यांवर तीनच क्रमांक पुनःपुन्हां येत होते: ८, ४० आणि ४४.

येथेंच कोडें उलगडलें. क्रमांकासाठीं केवळ ० ते ६३ एवढेच अंक राखलेले होते. ते संपले कीं पुन्हां शून्यापासून आरंभ होई, घड्याळाच्या तबकडीवर बारांनंतर एक येतो तसा. म्हणून नियम असा केलेला होता, कीं चक्रावर अर्ध्या फेऱ्यापर्यंत, म्हणजे ३२ घरांपर्यंत, जो पुढें असेल तो नवा. आतां ४० हा ८ च्या पुढें बरोबर ३२ घरें आहे, म्हणून तो नवा. ४४ हा ४० च्या पुढें ४ घरें, म्हणून तो त्याहून नवा. आणि ४४ पासून चक्र पूर्ण करून ८ पर्यंत यावयास २८ घरें लागतात, म्हणून ८ हा ४४ हूनहि नवा! तीन भावांतील प्रत्येक जण दुसऱ्या एकाहून धाकटा ठरावा, तसा हा प्रकार झाला. प्रत्येक ठाणें प्रत्येक वार्ता नवी समजून स्वीकारी व शेजाऱ्यांना धाडी. शेजारी तेंच करीत. सर्वांत मोठा अग्रक्रम असलेल्या या कामानें ठाण्यांचा सारा वेळ गिळून टाकला, आणि इतर कामांना सवडच उरली नाहीं. पन्नासाव्या ठाण्यानें पुढें कांहीं पाठवलें न पाठवलें, तरी त्यानें फरक पडणार नव्हता. आतां जाळेंच त्या वार्ता जगवीत होतें.

एकाच ठाण्याच्या नांवें हे तीन क्रमांक एकदम आले कोठून? ४४ म्हणजे ३२, ८ आणि ४ यांची बेरीज, आणि संगणक संख्या अशाच तुकड्यांनीं लिहितो. ४ चा तुकडा गळला तर ४० उरतात. त्यांतून ३२ चा गळला तर ८ उरतात. शेजारचें एकोणतिसावें ठाणें सदोष होऊन अंकांचे तुकडे गाळीत असल्याचें आढळून आलें. तारेवरून जातांना निरोप बिघडला तर तो पकडण्याची व्यवस्था होती. पण हा बिघाड तारेवर झालाच नव्हता, यंत्राच्या पोटांत झाला होता. तेथें पहारा नव्हता.

उपाय साधा निघाला. पन्नासाव्या ठाण्याच्या नांवें येणारी कोणतीहि वार्ता मानूं नये, अशी दुरुस्ती ठाण्याठाण्यांतून करण्यांत आली. विषारी वार्ता विरून गेल्या, जाळें सावरलें, आणि मग ती तात्पुरती दुरुस्ती काढून पूर्वीचा कार्यक्रम पुन्हां चढवण्यांत आला. त्या कंपनींतील एरिक रोझेन यांनीं १९८१ सालीं या घटनेचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. दोष झांकण्यापेक्षां तो जगापुढें मांडण्याचा हा सरळपणा पुढील पिढ्यांना फार उपयोगी पडला. १९८३ सालीं रेडिया पर्लमन यांनीं अशा वार्ता प्रसृत करण्याची, दोष सोसूं शकणारी रीत मांडली. १९९१ सालच्या 'ओएसपीएफ' या नियमावलीच्या दुसऱ्या आवृत्तींत क्रमांकांचें चक्रच मोडून सरळ रेषा धरली गेली. ते शेंकडों कोटींपर्यंत वाढतात, आणि शेवटचा अंक गांठल्यावर जुनी वार्ता सर्वत्र पुसल्याखेरीज नव्यानें मोजणी सुरू होत नाहीं. नोंदवून ठेवलेल्या वार्तेचीहि अधूनमधून पडताळणी करावी, असा दंडक त्यांतच घालण्यांत आला. पोटांतील बिघाडावर पहारा बसला तो असा.

या प्रकरणांत ध्यानांत धरण्यासारखी गोष्ट ही, कीं सदोष ठाणें एकच होतें. बाकीचीं सारीं आपापला नियम काटेकोर पाळीत होतीं, आणि त्यांच्या त्या आज्ञाधारकपणामुळेंच अरिष्ट सर्वत्र पसरलें. एकेक यंत्र सुटें करून तपासलें असतें, तर त्यांतील बहुतेक निर्दोषच ठरलीं असतीं. दोष दोघांच्या मधल्या व्यवहारांत असला, म्हणजे तो दोघांपैकीं कोणाच्याहि घरीं सांपडत नाहीं. त्यांच्यांत काय बोलणें झालें तें क्रमानें वाचावें लागतें. पहिल्या दिवशींच्या 'एल' आणि 'ओ' या दोन अक्षरांपासून त्या तीन क्रमांकांपर्यंत तपासनिसांनीं केलें तें हेंच.