आभासांतील लाट आणि मातीचा बांध

संकट ज्यानें भोगलें तोच त्याला ओळखतो. आणि शिकविण्याची वेळ येते ती मात्र ज्यांनीं तें पाहिलें नाहीं त्यांना. या जुन्या अडचणीवर अलीकडे कांहीं विश्वविद्यालयांनीं ‘व्हर्च्युअल रिअॅलिटी’चा, म्हणजे आभासी वास्तवाचा, उपाय योजिला आहे. विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर चष्म्यासारखें यंत्र चढवितात. तो मान वळवील तसतसें दृश्यही वळतें, आणि वर्गांत उभ्याउभ्या त्याला धुरानें कोंदलेली इमारत किंवा रस्त्यांत चढत येणारें पाणी दिसूं लागतें. या यंत्राचा एक पूर्वज आयव्हन सदरलंड यांनीं १९६८ सालीं अमेरिकेंत सिद्ध केला. तो छतापासून टांगावा लागे, व त्या लटकत्या सांगाड्याला डॅमोक्लीसची तलवार हें नांव पडलें. धोका शिकविणाऱ्या यंत्राच्या घराण्यास याहून शोभणारें नांव आम्हांस सुचत नाहीं!

परंतु न पाहिलेलें संकट दाखविण्याची खटपट यंत्राहून पुष्कळ जुनी आहे, व तिचा बोधप्रद इतिहास जपानांत सांपडतो. २४ डिसेंबर १८५४ रोजीं नैऋत्य जपानांत मोठा भूकंप होऊन हिरो नांवाच्या गांवावर समुद्र चालून आला. अंधारांत लोकांस वाट सुचेना. तेव्हां हामागुची गोर्‍यो या पस्तिशीच्या आंतबाहेरच्या व्यापाऱ्यानें भाताच्या गंजी पेटविल्या आणि त्या उजेडाच्या रोखानें पुष्कळजण उंचावर पोंचले. पुढें काय झालें तें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. घरेंदारें व रोजगार गमावलेलें गांव मोडण्याच्या बेतांत असतां त्यानें पदरच्या पैशानें समुद्रकांठीं बांध घालावयास घेतला व त्याच गांवकऱ्यांस मजुरी दिली. सुमारें ६०० मीटर लांब व ५ मीटर उंच असा तो बांध १८५८ सालीं पुरा झाला.

लॅफ्काडिओ हर्न या लेखकानें १८९७ सालीं ही हकीकत इंग्रजींत लिहिली. पण त्याचा नायक टेंकडीवर राहणारा वृद्ध आहे, व तो लाट येण्यापूर्वींच आपलें पीक पेटवून लोकांस वर बोलावतो. याच कथेवरून तयार केलेला धडा १९३७ पासून १९४७ पर्यंत जपानी शाळांत होता. धड्यांत आग राहिली, बांध गळला. गोष्टीला एक रात्र पुरते. चार वर्षांची माती वाहणें तिला परवडत नाहीं. आणि गंमत अशी कीं, धडा शाळांत चालू असतांच, १९४६ च्या डिसेंबरांत पुन्हां लाट आली, तेव्हां गांवाचा बराच भाग त्या बांधानेंच वाचविला.

नव्या यंत्राविषयीं आमची शंका हीच आहे. त्याचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. १८९६ सालीं जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंपाचा धक्का इतका सौम्य होता कीं बहुतेकांनीं तो मनावर घेतला नाहीं. अर्ध्या तासाच्या सुमारास लाट आली आणि सुमारें २२,००० माणसें गेलीं. सौम्य धक्क्यानंतरची ती फसवी शांतता पुस्तकापेक्षां हा चष्मा खात्रीनें चांगली भोगवील. शिवाय त्यांत चुकलेला विद्यार्थी जिवंत राहून पुन्हां प्रयत्न करूं शकतो. कित्येकांना त्यांत घेरी येते. डोळा म्हणतो आपण चाललों, कान म्हणतो उभेच आहों. पण तें सोडून देऊं.

मात्र संकट आणि संकटाचा संभव या दोन वस्तु आहेत. लाट दाखविणें सोपें. तिच्या वाटेवर घर बांधण्याची परवानगी कोणत्या दिवशीं व कोणत्या कागदावर मिळाली तें दाखविणें कठीण. आमच्याकडील पानशेतच घ्या. १२ जुलै १९६१ रोजीं तें धरण काम अपुरें असतांना फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें गेलें, आणि पुण्यांत पाणी शिरलें. पुण्याच्या विद्यार्थ्याला बुडालेली पेठ दाखविणारा चित्रपट आजहि करतां येईल. तो पाहून त्याच्या अंगावर कांटा येईल. पण उद्यां इंजिनियर किंवा अधिकारी होऊन त्याला ज्या खुर्चीवर बसावयाचें आहे, ती खुर्ची त्या पाण्यांत कोठेंच नाहीं. ती आदल्या महिन्यांतल्या बैठकींत आहे. अपुरें काम आणि तोंडावर आलेला पाऊस यांच्यामध्यें आहे. चष्म्यांतून ती बैठक दाखवावी, निर्णय विद्यार्थ्याकडून घेववावा, आणि मग त्याच्याच निर्णयाचें पाणी त्याच्यावर सोडावें, असें आमचें मत आहे.

हिरो गांवांत १९०३ पासून दरसाल लाटेचा स्मरणोत्सव होतो. त्या दिवशीं शाळेचीं मुलें माती घेऊन येतात आणि ती जुन्या बांधावर घालतात.